लांब पल्ल्याची सायकल : दमाचा आणि भाकरीचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यांवर बोलू. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आम्ही सायकलीचे नाव काढले तेव्हा ते थोडे चमकले. इस्लापुरात सायकलीवर व्याख्यान कशाला? इथे जो तो सायकल चालवूनच मोठा झाला. खरे आहे. पण शाळेपर्यंत किंवा शेतापर्यंत सायकल मारणे वेगळे आणि शंभर-दोनशे किलोमीटर एका दमात काढणे वेगळे. 'एका दमात' हे आम्ही बोलण्याच्या ओघात म्हणालो. वस्तुतः ते एका दमात काढावयाचेच नसते आणि आजचा आमचा सगळा विषय एवढाच आहे.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. त्यामागे एक प्रसंग आहे आणि त्यात चूक आमची आहे, म्हणून तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी १ मे रोजी आमच्या संघटनेच्या पोरांनी ठरवले की, नांदेडच्या कामगार दिनाच्या सभेला यंदा एसटीने जावयाचे नाही, इस्लापूरहून सायकलीने जावयाचे. हमाल, बांधकामावरची पोरे, दोघे-तिघे शेतमजूर असे अठरा जण तयार झाले. अंतर शंभराच्या घरातले. सकाळी सहाला निघावयाचे ठरले होते. परंतु आधी झेंडा, मग नारळ, मग भाषण (तेही आमचेच!) असे करीत निघावयास सव्वासात झाले. पुढे काय सांगावे! घोषणा देत, एकमेकांना मागे टाकीत पोरे हिमायतनगरपर्यंत अशी पळाली की, मोटारसायकलवर मागून येणाऱ्या आम्हाला त्यांचा अभिमान वाटला. हिमायतनगरला स्वागत झाले, गरम भजी आणि चहा झाला. तेथे आम्ही वेळ मोडला. भोकर गाठले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. मराठवाड्यातले मे महिन्यातले दुपारचे ऊन आपणांस सांगावयास नको.

भोकरच्या पुढे एकोणीस वर्षांचा एक मुलगा मागे पडू लागला. आम्ही त्याला हाक मारली, त्याने उत्तर दिले नाही. जवळ गेलो तर तो चिडून काहीतरी असंबद्ध बोलला. आम्हाला वाटले, पोर रुसले आहे, इतरांनी मागे टाकले म्हणून राग आला आहे. आम्ही त्याला दोन शब्द सुनावले. 'कामगाराच्या पोराने असे कच खाऊन चालत नाही' असेही काहीसे बोललो. त्यानंतर अर्ध्या किलोमीटरवर तो सायकलीसह रस्त्याच्या कडेला कोसळला. अंग तापलेल्या तव्यासारखे, डोळे फिरलेले. एका टेम्पोवाल्याने त्याला उचलून दवाखान्यात पोहोचविले. तो वाचला. डॉक्टरांनी आम्हाला विचारले, 'याने सकाळपासून काय खाल्ले? किती पाणी प्याला? ऊन किती वेळ अंगावर घेतले?' यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर मालकांना 'जेवणाची सुट्टी कुठे आहे?' असे विचारले, त्याने अठरा पोरांना जेवणाची सुट्टी दिली नव्हती.

त्यानंतर आमच्या संघटनेने सायकलफेरीचे नाव काढले नाही. यंदा पोरे पुन्हा मागे लागली आहेत. तेव्हा आम्ही मधल्या काळात जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि स्वतः सायकलीवर बसून तपासून पाहिले, ते आपल्यापुढे ठेवतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयातले. तेव्हा डॉक्टर मंडळींनी आमच्या भाषेकडे थोडा काणाडोळा करावा.

पहिली गोष्ट वेगाची. बाजार आवारात नवा हमाल आला की, पहिल्या दिवशी तो पोते घेऊन धावतो. जुने हमाल त्याच्याकडे पाहून हसतात. त्यांची चाल सकाळी आठला जी, तीच दुपारी चारला असते. नवा गडी अकराच्या सुमाराला थप्पीला टेकून बसतो. पूर्वी पोते शंभर किलोचे असे. ते पन्नास किलोवर आणावे म्हणून हमालांच्या संघटना वर्षानुवर्षे झगडल्या. व्यापारी विचारीत, 'माल तेवढाच, मग दोन खेपांत काय साधले?' माल तेवढाच हे खरे, पण पाठ टिकली. सायकलीच्या लांब पल्ल्याचेही तसेच आहे. काम तेवढेच असते. ते कोणत्या मापाच्या पोत्यांत बांधून उचलता, यावर सारे अवलंबून असते.

असे का व्हावे? शरीरात जळणाची दोन कोठारे असतात. एक साखरेचे. आपण खातो त्या भाकरीची, भाताची, गुळाची अखेर साखर होते, आणि तिचा साठा स्नायूंत व यकृतात राहतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. साधारण प्रौढ माणसापाशी हा साठा चारशे-पाचशे ग्रॅमांचा, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरींचा. दुसरे कोठार चरबीचे. सडपातळ माणसाच्या अंगीही ते हजारो कॅलरींचे असते, आणि ज्यांचे पोट पट्ट्याबाहेर आले आहे त्यांच्यापाशी तर विचारूच नका. मग साखर संपली तर चरबी जाळावी, अडचण कोठे आहे? अडचण अशी की, ते कोठार हळू उघडते.

आपल्या जुन्या वाड्यांत घरात कणगी असे आणि अंगणात पेव असे. रोजचे धान्य कणगीतून काढावयाचे. पेवात धान्य पुष्कळ, पण ते उघडले की लगेच आत उतरता येत नसे. कोंडलेली वाईट हवा जाऊ द्यावी लागे, आणि घाई करणारा आतच राही. शरीराची चरबी हे पेव आहे. सायकल संथ चालली, श्वास शांत राहिला, तर शरीर पेवातले धान्य निवांतपणे काढते आणि कणगीला कमी हात लावते. तुम्ही जोर लावला, धाप लागू लागली, की शरीर म्हणते, आता पेव उघडावयास वेळ नाही, आणि सारा खर्च कणगीतून होऊ लागतो. म्हणून वेगाचा हिशेब आणि भाकरीचा हिशेब हे दोन हिशेब नाहीत, एकच आहे. पहिल्या तासात जो उधळला, त्याने शेवटच्या तासाची साखर सकाळीच खाऊन टाकली.

यात वाऱ्याचे गणित आणखी भर घालते. सपाट रस्त्यावर वेग वाढला की, मुख्य झगडा हवेशी होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने. फळ्यावर मांडून पाहा. ताशी २० किलोमीटरऐवजी २५ने निघालात, तर वेग सव्वापट झाला, पण सव्वाचा घन म्हणजे जवळजवळ दोन. हवेच्या वाट्याची मेहनत क्षणोक्षणी दुप्पट झाली. मिळाले काय? शंभर किलोमीटरमागे एक तास. तो तास मिळविण्यासाठी जी साखर खर्ची पडली, ती पुढे दोन तासांची लंगड घालते. हे आमच्या अठरा जणांनी सिद्ध करून दाखविले आहे.

मग योग्य वेग कोणता? आता बाजारात छातीचे ठोके मोजणारी आणि पायांची ताकद मोजणारी यंत्रे आली आहेत. ज्यांना परवडतात त्यांनी ती घ्यावीत. आमच्या पोरांसाठी आम्ही एकच माप ठेवले आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले पाहिजे. 'अहो पाटील, यंदा कापसाला भाव काय मिळाला' एवढे एका श्वासात म्हणता येत नसेल तर वेग जास्त झाला. पहिल्या तासात तर आपण फारच हळू चाललो आहोत अशी लाज वाटली पाहिजे. तशी वाटली नाही तर समजावे की आपण चुकतो आहोत.

चढावर आणि समोरच्या वाऱ्यात हे माप विशेष जपावे. तेथे वेग राखावयाचा नसतो, मेहनत राखावयाची असते. वेग पडला तर पडू द्यावा. किनवटच्या बाजूला सागाच्या रानातून जे चढउतार आहेत, तेथे साध्या दांडीच्या सायकलीला गिअर नसल्याने माणूस उभा राहून पायडल दाबतो आणि दोन चढांत गारद होतो. त्यापेक्षा खाली उतरून सायकल हाताने चढवावी. यात कमीपणा कसला? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवितात, तो मान त्या मल्लांचा आहे. पण ती शर्यत आहे. शर्यतीत तुमचा वेग दुसरा ठरवितो. आम्ही बोलतो आहोत ते पल्ला पार करण्याविषयी, जेथे वेग आपला आपण ठरवावयाचा असतो.

असा पल्ला पार करण्याची एक जुनी परंपरा फ्रान्समध्ये आहे. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्ट या समुद्रकाठच्या गावाला जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरांची शर्यत झाली, ती शार्ल तेराँ याने तीन दिवसांच्या आत जिंकली. पुढे त्या वाटेवरची शर्यत मागे पडली आणि शिस्तीची फेरी उरली. ती आता चार वर्षांतून एकदा होते आणि पार करावयास ९० तास मिळतात. तिच्यासाठी जी तयारीची पायरी असते तिला ब्रेव्हे म्हणतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथे अशा ब्रेव्हे होतात आणि आपली मराठी माणसे त्यांत मोठ्या संख्येने उतरतात. नियम सोपे आहेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. वाटेत ठरलेल्या नाक्यांवर नोंद करावयाची. पहिला-दुसरा क्रमांक नाही, वेळेत आलेला प्रत्येक जण सारखा. आणखी एक गंमत अशी की, प्रत्येक नाक्याला बंद होण्याची वेळ असते, तशी उघडण्याचीही असते. फार लवकर पोहोचलात तर दार उघडेपर्यंत बसून राहा! फार पळणाऱ्याला थांबविणारा असा नियम आम्ही दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिला नाही.

या साडेतेरा तासांचे गणित आमच्या फार उपयोगी पडले. दोनशे किलोमीटर ताशी २०ने म्हणजे दहा तास. उरले साडेतीन. त्यात जेवण, पाणी, पंक्चर, झाडाखाली पाठ टेकणे, सारे बसते. म्हणजे उधळण्याची गरज मुळातच नव्हती. पण याच गणिताची दुसरी बाजू अशी की, साडेतीन तास फार वाटतात आणि चहाच्या टपरीवर पाण्यासारखे वाहून जातात. दर ठिकाणी वीस मिनिटे अशा दहा ठिकाणी थांबलात की, तीन तास वीस मिनिटे गेली. म्हणून अनुभवी माणसे सायकलीवर सावकाश असतात आणि थांब्यावर चपळ. आम्ही छपन्नाव्या वर्षी अशी एक २००ची परीक्षा दिली आणि १२ तास ५० मिनिटांत उतरलो. आमच्या आधी निघून गेलेले तिघे तरुण आम्हाला दीडशेच्या पुढे एका ढाब्यावर खाटेवर आडवे दिसले. त्यांना ओलांडून जाताना आम्हाला आनंद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही.

आता भाकरी. १९२४ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीनंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले. जे पोहोचले तेव्हा पांढरेफटक होते, ज्यांना नीट उभे राहता येत नव्हते, ज्यांचे मन ठिकाणावर नव्हते, त्यांच्या रक्तातली साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय अन्न आणि वाटेत गोळ्या-मिठाई खाऊ घातली. त्यांची साखर टिकली आणि तेही चांगल्या स्थितीत पोहोचले. शंभर वर्षांपूर्वीचे हे ज्ञान आम्हाला त्या १ मेला ठाऊक नव्हते. साखर उतरलेला माणूस चिडतो, हट्टीपणा करतो, रडू लागतो, असंबद्ध बोलतो. उन्हाने मेंदू तापलेल्या माणसाचेही तसेच होते. आम्ही त्याला रुसवा समजलो.

तासाला ताशी वीसच्या वेगाने साधारण चारशे-पाचशे कॅलरी खर्च होतात. तेवढ्या सगळ्या वाटेत खाऊन भरून काढता येत नाहीत, कारण आतड्यालाही मर्यादा आहे. एका जातीची साखर ते तासाला साठ ग्रॅमांच्या आसपास शोषून घेते. दोन जातींची मिसळून दिली तर त्यांची दारे निराळी असल्याने नव्वदपर्यंत जाता येते, पण त्याला सवय लागते. आपल्यासारख्यांनी तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम धरावेत. बाकीचे पेवातून येते, वेग आवरला असेल तर.

पन्नास ग्रॅम म्हणजे काय? परदेशी लोक त्यासाठी छोट्या पुड्यांतला गोड चिकट रस चोखतात. पुण्या-मुंबईकडेही आता तो मिळतो आणि महाग मिळतो. आपल्याकडे अर्धापूरची केळी आहेत. एका मध्यम केळ्यात वीस ते पंचवीस ग्रॅम निघतात, म्हणजे तासाला दोन केळी झाली. गुळाचा पन्नास ग्रॅमांचा खडा घेतला तर जवळपास तेवढेच. मध्यम जाडीच्या एका ज्वारीच्या भाकरीतही पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम असतात, मात्र ती सावकाश पचते, म्हणून ती थांब्यावर खावी, चालत्या सायकलीवर नव्हे. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, थोडे मुरमुरे, सुशीला, गोड दशमी, हे सारे आपले आहे आणि स्वस्त आहे. शेंगदाण्याची चिक्की चांगली, पण तीत गूळ अधिक आणि दाणा कमी असावा. दाण्यात निम्मे तेल असते आणि तेल पोटात बसून राहते. भज्यांचे तर नावच काढू नका. पायडल मारताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे धावत असते, पोटाच्या वाट्याला थोडेच उरते. अशा वेळी हिमायतनगरची भजी, ती कितीही चविष्ट असोत, दगडासारखी राहतात. त्या मुलाने भज्यांखेरीज त्या दिवशी काहीच खाल्ले नव्हते, हे आम्हाला मागाहून कळले. सकाळी झेंड्याच्या गडबडीत तो उपाशीच आला होता.

निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी साधे पोटभर खावे. पोहे, उपमा, भाकरी-दूध, जे रोजचे असेल ते. नवे काही त्या दिवशी करून पाहू नये. आणि पहिला घास पहिल्या अर्ध्या तासातच घ्यावा, भूक लागेपर्यंत थांबू नये. भूक लागली म्हणजे उशीर झाला. खाणे घड्याळावर करावे, दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास. पोटाला ही गोष्टही सरावाने येते. मोठ्या फेरीच्या आधी चार रविवार छोट्या फेऱ्यांत हेच अन्न खाऊन पाहावे. (मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आमच्या भरवशावर निघू नये. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.)

पाण्याविषयी थोडे अधिक बोलावे लागेल, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कमी पिण्याची चूक सर्वांना ठाऊक आहे. जास्त पिण्याची ठाऊक नाही. बोस्टनच्याच शर्यतीत २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, धोक्याच्या रेषेखाली गेलेला आढळला. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले, म्हणजे ज्यांनी घामापेक्षा अधिक पाणी रिचविले, त्यांत हे विशेष होते. घामाच्या एका लिटरबरोबर साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठ जाते, कोणाचे कमी, कोणाचे अधिक. ज्यांच्या सदऱ्यावर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटतात त्यांचे अधिक.

यावरचा उपाय आपल्याच देशात सिद्ध झाला. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बंगालच्या सीमेवर बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजविले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. त्यातले रहस्य असे की, आतड्याच्या भिंतीतून साखर आत जाते ती मिठाचा हात धरून जाते, आणि दोघांच्या मागोमाग पाणी जाते. नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी अधिक चटकन अंगी लागते. प्रमाण सोपे आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. वर लिंबू पिळावे. मीठ डोळ्यांनी टाकू नये, मोजूनच टाकावे. थंडीत तासाला अर्धा लिटर पुरतो, उन्हात पाऊण ते एक लिटर लागू शकतो, पण घोट घोट घ्यावा. एक बाटली या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची ठेवावी. थांब्यावर मिठाचे ताक मिळाले तर उत्तमच.

आणि तरीही, श्रोतेहो, कितीही पाणी प्यालात तरी मे महिन्यातल्या दुपारला ते उत्तर नाही. भोवतालची हवाच अंगापेक्षा तापली की, अंगाची उष्णता बाहेर जावयास घामाखेरीज वाट राहत नाही, आणि काम करणारा स्नायू तर आत भट्टी पेटवीतच असतो. बरोबरचा माणूस भलते बोलू लागला, तोल सोडू लागला, तर वाद घालू नये. सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवावीत आणि वाहन बोलवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. आम्ही त्या दिवशी यांतले एकच केले, वाहन बोलावले. तेही टेम्पोवाला स्वतःहून थांबला म्हणून.

महाराष्ट्रातली मोठी नावे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरांची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत आहे. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ती दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. त्याच वर्षी कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही केली. अशा वीरांविषयी वाचताना आम्हाला मौज वाटली ती त्यांच्या मागून चालणाऱ्या गाडीची. त्या गाडीत बसलेल्या माणसांचे काम काय? खाऊ घालणे, पाणी देणे, झोपवणे आणि उठवणे. एवढा बलदंड माणूस, पण त्याने कधी खावे हे तो स्वतः ठरवीत नाही, कारण थकलेल्या माणसाचा निवाडा भरवशाचा नसतो.

आता आमच्या पोरांचा प्रश्न. त्यांना १ मेचीच तारीख हवी. कामगार दिन आहे, महाराष्ट्र दिन आहे, तारीख हलवावयाची नाही. आम्ही २६ जानेवारी सुचविली, ती त्यांनी उडवून लावली. मग तडजोड झाली (तडजोडी करण्यात आमचे आयुष्य गेले आहे). ३० एप्रिलला पहाटे साडेचारला इस्लापुराहून निघावयाचे, नऊ-साडेनऊला भोकर गाठावयाचे आणि दिवसभर मुक्काम करावयाचा. १ मेला पुन्हा पहाटे साडेचारला निघून ऊन तापण्याआधी नांदेड. एका पोराने विचारले, 'काका, मुक्काम केला तर मग पराक्रम कसला?' आम्ही त्याला विचारले, 'आळंदीहून निघालेली पालखी मुक्काम न करता पंढरपूरला जाते काय?' वारीत विसावा कोठे, जेवण कोठे, मुक्काम कोठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. दिवे घाटाचा दिवस आहे म्हणून कोणी आदल्या दिवशीच धावत सुटत नाही. म्हातारी माणसे तो पल्ला पायी पार करतात, ती या व्यवस्थेच्या बळावर.

पोर गप्प बसले. पटले की नाही हे १ मेला कळेल.

चाल सर्वांत मंद गड्याची राहील. त्याला सर्वांच्या पुढे ठेवावयाचे, मागे नव्हे. मागे ठेवला की तो आपल्याला गाठण्यासाठी सारखा जोर लावतो आणि आपण थांबून वाट पाहतो तेव्हा तो पोहोचतो; तो पोहोचला की आपण निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत गरज, त्यालाच ती मिळत नाही. हे आमच्या ध्यानात यावयास फार वर्षे लागली. एकामागोमाग एक चालले तर पुढच्याच्या आडोशाने मागच्याची मेहनत पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाचते. म्हणून धट्टेकट्टे गडी समोरच्या वाऱ्यात आळीपाळीने पुढे येतील, पण मंद गड्याने 'हळू' म्हटले की हळू. पहाटेच्या अंधारात प्रत्येकाच्या मागे लाल दिवा हवाच. आपल्या रस्त्यांवर विनादिव्याच्या ट्रॉल्या कमी नाहीत.

आणि घड्याळ. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजेल, तेव्हा प्रत्येकाने दोन घास आणि दोन घोट घ्यावयाचे, इच्छा असो वा नसो. शिट्टीचे काम कोणाला द्यावे यावर बैठकीत चर्चा झाली. भोकरच्या पुढे कोसळलेला तो मुलगा आता मोठा झाला आहे, बांधकामावर गवंडी आहे, लग्न झाले आहे. तो म्हणाला, शिट्टी मी घेतो. कोणी हरकत घेतली नाही.

व्याख्यान संपल्यावर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे येथे देऊन ठेवतो. एका गृहस्थांनी विचारले, जुनी दांडीची काळी सायकल चालेल काय? चालेल. ती जड आहे, तेव्हा ताशी पंधरा-सोळा धरा. चाकांत हवा पुरती भरा आणि साखळीला तेल द्या. बैठक एवढी उंच करा की, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. आपल्याकडे नव्वद टक्के लोक बैठक खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की वयाला दोष देतात. दुसरा प्रश्न एका भगिनींचा होता : डब्यात दशम्या किती द्याव्यात? माणशी सहा, आणि गूळ वेगळ्या कागदात बांधून. दशमीबरोबर बांधला तर उन्हाने पाझरतो.